कुठलेही दोन

तिन्ही किल्ल्या टेबलावर पडल्या होत्या आणि तरीही कुलूप उघडलं. खट्ट आवाज झाला, लोखंडी दांडा मागे सरकला आणि मामाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"कुंदे," तो म्हणाला, "ह्ये चोरांसाठी केलंस काय?"

मी तेव्हा रत्नागिरीला पॉलिटेक्निकमध्ये डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. जी चूक करू नका म्हणून मुलांच्या मागे वर्षभर लागायचं, तीच मी मामाच्या पडवीत, त्याच्या डोळ्यांदेखत केली होती. मामाला ते कळलं नसतं, पण माझे कान तापले.

"तार मोकळी राहिली," मी म्हणाले.

"मोकळी म्हंजे?"

"किल्ली फिरवली की या तारेवर पाच व्होल्ट येतात. त्याचा अर्थ 'हो'. किल्ली बंद असली की तार नुसतीच लोंबकळते. आपल्याला वाटतं, काहीच आलं नाही म्हणजे 'नाही'. या चिपला तसं वाटत नाही. लोंबकळणारी तार दिसली की ती 'हो' धरून मोकळी होते."

"म्हंजे जो काय बोलला नाय, त्याचा होकार?"

"तसंच."

"आमच्या ग्रामसभेवानी," मामा म्हणाला आणि त्याने कप पुन्हा उचलला.

मग मी तिन्ही तारांना एकेक रेझिस्टर लावला आणि त्या बॅटरीच्या ऋण टोकाला बांधून टाकल्या. आता किल्ली गप्प असेल तेव्हा तार स्पष्ट 'नाही' म्हणणार होती. पुन्हा बॅटरी जोडली. कुलूप हललं नाही. एक किल्ली फिरवली, दोन फिरवल्या, तरी नाही. तिसरी फिरवल्यावर खट्ट झालं आणि मामाने मान डोलावली.

खेरवणे हे माझं आजोळ. तिथे ग्रामदेवता वाघजाईची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, वर्षभर कुलपात असतात आणि शिमग्याला बाहेर काढून पालखीत लावतात. ती ज्या लाकडी पेटाऱ्यात असायची त्याला तीन कुलुपं होती आणि किल्ल्या तीन मानकऱ्यांच्या घरी. एक शितपांकडे, म्हणजे माझ्या मामाकडे, दुसरी घवाळ्यांकडे आणि तिसरी मांडवकरांकडे. तिघं जमल्याशिवाय देवीचं तोंड दिसायचं नाही. शेजारच्या गावात देवळाची चोरी झाली, तेव्हा मुंबईकर मंडळाने एक जाडजूड पोलादी कपाट पाठवून दिलं. त्याला कुलूप मात्र एकच होतं. आता तीन मानांचं काय करायचं, यावर गावात बरीच डोकेफोड झाली आणि शेवटी मामाने छाती पुढे काढून सांगितलं की, माझी भाची कॉलेजात हेच शिकवते.

तर मी तीन किल्ल्यांचे तीन स्विच घेतले आणि त्यांच्यामागे अँड गेट बसवलं. अँड गेट म्हणजे अगदी सरळ माणूस. सगळे हो म्हणाले तर हो, एकानेही मान हलवली की नाही. पेटाऱ्याची तीन कुलुपं शेकडो वर्षं हेच काम करत होती, फक्त त्यांना ते नाव नव्हतं.

"तुला सांगून ठेवतो," मामा म्हणाला. तो अंगणाकडे बघत बोलत होता. "त्या तिसऱ्या किल्लीचा घोळ हाय."

घोळ मला अर्धामुर्धा ठाऊक होता. यशवंत मांडवकर दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. मागे बायको सुमित्रा आणि एक मुलगी. गावाचं म्हणणं, मान भावकीत जातो, तेव्हा किल्ली यशवंतच्या चुलतभावाला, दत्तारामला द्यावी. दत्ताराम मुंबईला नोकरीला होता आणि वर्षातून एकदा, शिमग्यालाच, गावी उगवायचा. सुमित्राचं म्हणणं, मान घराचा आहे आणि घर तर इथेच आहे. मागच्या शिमग्याला ती स्वतः किल्ली घेऊन देवळात आली. उंबऱ्याबाहेर थांब आणि किल्ली आत दे, असं गुरव म्हणाला. ती थांबली नाही. आत जाऊन तिने आपलं कुलूप आपल्या हाताने उघडलं आणि आली तशी निघून गेली. बाईमाणूस, त्यातून विधवा, आणि देवीच्या पेटाऱ्याला हात. भिकाजी घवाळी त्यावरून वर्षभर धुमसत होता.

"तुझं काय मत आहे?" मी मामाला विचारलं.

"माजं कसलं मत? आजवर कुणी इचारलं न्हवतं, मान घराचा का पुरुषाचा. तिनं इचारलं. आता उत्तर कोण देनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी घवाळी स्वतः आला. गिरणीत आयुष्य काढलेला उंच, आडमाप माणूस. गिरणीतल्या आवाजावर मात करत बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्याचं कुजबुजणंही परसदारी ऐकू जायचं. त्याने कुलपाभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाला, "तिनी किल्ल्या लागनार म्हंजे एक अडला की देव अडला."

"हो. पूर्वीही तसंच होतं."

"पूर्वी माणसं गावात होती. आता एकाला ताप आला, एक मुंबैस अडकला, तर पालखीनं काय करायचं? दोन आल्या तरी उघडाया पायजे. तीनातल्या दोन. करता येतं का नाय?"

करता येतं का, असं कोणी विचारलं की माझे हात लगेच शिवशिवायचे. मी कागद ओढला. तीन किल्ल्यांच्या तीन जोड्या होतात. शितप-घवाळी, घवाळी-मांडवकर, मांडवकर-शितप. प्रत्येक जोडीला एक अँड गेट, दोघं हो म्हणाले तरच हो म्हणणारं. मग तिन्ही जोड्यांच्या तारा ऑर गेटमध्ये. ऑर गेट दिलदार, कोणत्याही एका तारेवर हो आलं की ते हो म्हणतं. परीक्षेत हे उदाहरण हमखास येतं आणि काढायला मला फार आवडतं.

"कुठल्याही दोन किल्ल्या चालतील," मी म्हणाले.

"कुठल्याही दोन," घवाळी समाधानाने म्हणाला. "देव अडाया नको, बाकी काय."

त्याने मामाकडे पाहिलं. मामा चहाच्या कपाचा कान बघत होता. त्या दोघांच्या डोक्यात दोन म्हणजे कोण ते मला काही समजत नव्हतं असं नाही. पण गेटला माणसं दिसत नाहीत, त्याला फक्त तारा दिसतात, आणि त्या दिवसांत मला तोच त्याचा मोठा गुण वाटायचा.

नवी किल्ली द्यायला मीच मांडवकरांकडे गेले. सुमित्रामामी पडवीत ओले काजू फोडत बसली होती. हातांना राख चोळलेली, तरी बोटं चिकाने काळी पडलेली. चाळिशीची, किरकोळ बांध्याची बाई. तिने किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ह्येनं काय हुतं, ते सांग."

मी सांगायला लागले आणि अर्ध्यात अडखळले. फळ्यावर सोपं असतं. मग मी तिच्या सुपातल्या काजूच्या बिया घेतल्या आणि जमिनीवर दोन-दोनच्या तीन जोड्या मांडल्या. ही मामाची आणि घवाळींची. ही घवाळींची आणि तुमची. ही तुमची आणि मामाची. कुठलीही एक जोडी जमली की कपाट उघडतं.

"आन् कोनी गपच बसला तर?"

"तो 'नाही' धरला जातो. आधी 'हो' धरत होतं, मी ते बांधून घेतलं."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग काळ्या बोटाने तिने पहिली जोडी थोडी पुढे सरकवली. "दरसाल ही उघडनार. माजी किल्ली खुटीला."

खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं तिनेच बोलून टाकलं होतं. तिने किल्ली काळ्या दोऱ्यात ओवली, दोरा गळ्यात घातला आणि पुन्हा काजू फोडायला घेतले. मला एक वाटीभर काजूगर बांधून दिले. ते घेताना मला फार अवघडल्यासारखं झालं.

शिमग्याच्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईकर सहकुटुंब आले होते. ढोल तापवून ठेवलेले, पालखी सजवून सहाणेवर, देवळासमोरच्या दगडी चौथऱ्यावर, मांडलेली. नवं कपाट गाभाऱ्याच्या बाहेरच्या खोलीत होतं, दारावर तीन स्विच आणि बाजूला स्क्रूने बसवलेला माझा डबा. काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून मी पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि थोडी तार ठेवली होती. बिघडेल ते वेगळंच काही असेल, हे कुठे ठाऊक होतं.

दिवस मावळायच्या आत रूपं लागली पाहिजेत असा नेम. गुरव फुलं आणि तेल घेऊन तयार. सुमित्रामामी आवाराच्या कडेला चाफ्याखाली एकटी उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, ये म्हणून नाही आणि येऊ नको म्हणूनही नाही. दत्ताराम पांढरा सफारी घालून पुढे उभा होता. मामा आणि घवाळी किल्ल्या घेऊन खोलीकडे निघाले, आणि सहाणेपाशी घवाळी थांबला.

"या साली पैला खांदा आमचा," तो म्हणाला.

"कसा? पाळी आमची."

"गेल्या साली त्या बाईपायी उशीर झाला, आमचा खांदा नदीपातूर पोचलाच नाय. ती पाळी भरून द्या."

"भिकाजी, पाळी पाळी असते. नदीपातूर गेली का नाय, ते कोन मोजीत नाय."

"मी मोजतो."

असली भांडणं शिमग्यात नवी नाहीत. थोडी शिवीगाळ होते, कोणी वडीलधारा मध्ये पडतो आणि ढोल वाजायला लागतात. पण मामाने त्या दिवशी एक शब्द जास्त वापरला. गिरणी बंद पडली तशी अक्कलही बंद पडली काय, असं काहीतरी तो बोलून गेला. घवाळीचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने किल्ली खिशात टाकली, आपल्या मुलांना हाक मारली आणि सरळ वाडीची वाट धरली. त्याच्यामागे त्यांचे दोन ढोलही गेले.

येईल म्हणून सगळे थांबले. तो आला नाही. मग दोघं जण बोलवायला गेले आणि मान खाली घालून परत आले. घवाळीने निरोप दिला होता, "दोन पायजेत ना? मंग हुडक म्हनावं दुसरा."

ऊन देवळाच्या कौलांवरून उतरून पायऱ्यांवर आलं. गुरव मामाकडे बघत होता, मामा कपाटाकडे बघत होता. मुंबईकरांपैकी कोणी तरी मला विचारलं, एका किल्लीवर नाही का उघडणार? मी म्हटलं, नाही. मी ते अशा तऱ्हेने म्हटलं असणार की त्याने पुन्हा विचारलं नाही. दत्ताराम मनगटावरचं घड्याळ बघत राहिला.

शेवटी मामा पायऱ्या उतरला. सबंध आवार ओलांडून तो चाफ्याकडे गेला. मीही पाठोपाठ गेले. गर्दी आपोआप दोन्ही बाजूंना सरली. मामाने हात पुढे केला.

"किल्ली दे."

"देत नाय," सुमित्रामामी म्हणाली. "फिरवाया येते."

मामाचा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला. मग त्याने तो खाली घेतला. "ये," तो म्हणाला.

ती आली. खोलीत कपाटासमोर उभी राहिली, गळ्यातला दोरा काढला, किल्ली हातात घेतली आणि स्विचला लावलीच नाही. ती माझ्याकडे वळली.

"बाय, त्या दिशी बियांच्या तीन जोड्या मांडल्या हुत्यास. त्यातली एक काडता येती?"

"कुठली?"

"ह्या दोघांची."

मला लगेच कळलं. कळलं आणि मला हसू येईल असं वाटलं, म्हणून मी डब्याकडे बघितलं. मामाला कळलं नव्हतं.

"म्हंजे काय हुईल?" त्याने मला विचारलं.

"ती आणि तू, किंवा ती आणि भिकाजीमामा. या दोनच जोड्या राहतील," मी म्हणाले. "तू नसलास तरी उघडेल. ते नसले तरी उघडेल. सुमित्रामामी नसली तर उघडणार नाही."

खोलीच्या दाराशी कुजबुज झाली. गुरवाने तेलाची वाटी खाली ठेवली. मामाचा चेहरा मला अजून आठवतो. तो रागावला होता, पण कुठल्या मुद्द्यावर रागवावं ते त्याला सापडत नव्हतं.

"ह्ये काय बरं नाय, सुमित्रा," तो म्हणाला. तिचं नाव घेताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. एरवी ती यशवंताची बायको होती.

"देव अडू नये म्हून दोन केल्यात ना, भावजी?" तिचा आवाज नेहमीचाच होता, काजू फोडताना होता तेवढाच. "आता तुमी दोघं भांडलात तरी देव अडायचा नाय. माज्याशी भांडलात, तर अडंल."

बाहेर कोणी तरी उगाच ढोलावर थाप मारली आणि थांबला. मामाने दारातून उन्हाकडे पाहिलं. ऊन आता शेवटच्या पायरीवर होतं.

"कर," तो मला म्हणाला.

मी स्क्रू काढून डबा उघडला आणि बॅटरी सोडवली. काम एवढंसंच होतं. शितप-घवाळी जोडीच्या गेटमधून ऑर गेटकडे जाणारी एक लाल तार होती, ती पकडीने तोडली. झालं, असं म्हणून मी झाकण लावायला घेतलं, तर मामा वाकून आत बघत होता.

"ती मोकळी ठेवू नको," तो म्हणाला. "लोंबकळती तार हो म्हनते, तूच बोललीस."

तो म्हणत होता ते अगदी खरं होतं. ऑर गेटकडचं टोक तसंच सोडलं असतं, तर बॅटरी जोडताच कपाट कुणाच्याही किल्लीशिवाय सताड उघडलं असतं, सगळ्या गावासमोर. मामाने नुसतं गप्प राहायचं होतं. त्याच्या सगळ्या अडचणी तिथेच संपल्या असत्या. पण तो गप्प राहिला नाही. का, ते मी त्याला कधी विचारलं नाही, मात्र त्या क्षणी मला माझ्या मामाचा फार अभिमान वाटला. मी ते टोक बॅटरीच्या ऋण बाजूच्या स्क्रूखाली घट्ट आवळलं आणि मगच बॅटरी जोडली.

आधी मामाने आपली किल्ली फिरवली. काही झालं नाही. मग सुमित्रामामीने तिची फिरवली. खट्ट आवाज झाला आणि दार उघडलं. गुरवाने रूपं बाहेर काढली, बाहेर उरलेसुरले ढोल एकदम सुरू झाले आणि माणसं पालखीकडे धावली. खोलीत ती आणि मी दोघीच राहिलो.

"हा डबा भायेरच ऱ्हातो?" तिने विचारलं.

"हो. दुरुस्तीला बरा."

"आत बसव," ती म्हणाली. "कोनाचा हात लागंल."

मी डबा काढून कपाटाच्या आतल्या बाजूला बसवला. बॅटरीच्या चार्जरच्या तारेपुरतं भोक मागे होतंच. माझा शेवटचा स्क्रू बसेपर्यंत ती शेजारी उभी राहिली, मग कपाटाचं दार लावून तिने किल्ली पुन्हा गळ्यात घातली. पालखी निघाली तेव्हा ती चाफ्याखाली नव्हती. बायकांमध्ये, पुढच्या रांगेत होती.

शितप आणि घवाळी यांचं पाडव्यापर्यंत मिटलं. ते मिटणारच होतं, मुलाबाळांची लग्नं एकमेकांत झालेली. पाडवा झाल्यावर दोघं मिळून मला भेटायला रत्नागिरीला आले. माझ्या खोलीत दोन खुर्च्यांवर पाहुण्यांसारखे ताठ बसले. मी चहा केला. भिकाजी घवाळीने कुजबुजत, म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने, सांगितलं की झालं ते झालं, आता आमच्यात काही नाही, तेव्हा ते पूर्वीसारखं करून दे.

"एकच तार आहे," मी म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

"मंग चल. येष्टी दुपारची हाय."

"पण ती तार डब्यात आहे."

"व्हय."

"आणि डबा कपाटात आहे."

घवाळीने मामाकडे पाहिलं. मामा चहाच्या कपाचा कान बघत होता, पण या वेळी त्याच्या मिशा हलत होत्या. घवाळीला उमगायला बराच वेळ लागला. उमगलं तेव्हा त्याने बशी हळूच खाली ठेवली.

"म्हंजे तिला इचारावं लागंल," तो म्हणाला.